बेंजोला लावलेली वायर

मामांचा बेंजो आता माझ्याकडे आहे. जालन्याच्या घरी, पुस्तकांच्या कपाटावर, मामीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेला. दीड-दोन हात लांब लाकडी पेटी, तिच्यावर टाइपरायटरसारख्या गोल कळा, कळांखाली तारा. काही तारांवर चाल वाजते, बाकीच्या एकाच सुरात घुमत राहतात. तारांच्या पोटाशी मामांनी पिकअप बसवलेला आहे आणि पेटीच्या कडेला भोक पाडून वायर बाहेर काढली आहे. वायर जिथून निघते तिथलं लाकूड काळं पडलंय. डाग देताना मामांचा हात एकदा घसरला होता.

ही वायर नसती तर बेंजो ओट्यावर बसून वाजवायची वस्तू राहिली असती. वायर लागली आणि त्याचा आवाज वेशीपर्यंत गेला.

मला बोलायचं आहे सायकेडेलिक रॉक नावाच्या संगीताबद्दल, आणि त्याच्याकडे जायची माझी वाट या बेंजोवरूनच जाते. 1966-67 च्या सुमाराला अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये विजेच्या गिटारींचं एक नवं संगीत उभं राहिलं. एकाच सुरावर खूप वेळ थांबायचं, आवाज मुद्दाम फाटू द्यायचा, इकोनं तो लांबवायचा, टेप उलटी फिरवायची, मध्येच सतार नाहीतर तंबोरा आणायचा. सायकेडेलिक हा शब्द हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञानं त्याआधी दहा वर्षं घडवला होता. मन उघडून दाखवणारं, असा त्याचा अर्थ. एलएसडीसारख्या द्रव्यांसाठी तो घडवला आणि पुढे गाण्यांना चिकटला. तिथपासून आजवर हे संगीत ऐकतो म्हटलं की समोरचा हसतो. गांजेकसांची गाणी, म्हणतो. नशा त्या काळात होती, तिनं चांगली माणसं खाल्ली, हे खरंच आहे. पण त्या एका शब्दात सगळं संगीत निकालात काढणं मला कधीच पटलं नाही. का पटलं नाही, ते सांगायला मला 1972 पासून सुरुवात करावी लागते.

त्या वर्षी मी तेरा वर्षांचा होतो. आमचं गाव अंबड तालुक्यातलं. जालना जिल्हा व्हायला अजून नऊ वर्षं होती. 1 मे 1981 ला औरंगाबादचे चार तालुके आणि परभणीचा परतूर एकत्र करून तो झाला. त्या पावसाळ्यात आभाळ नुसतं येऊन जायचं. विहिरींचे तळ दिसायला लागले. आई आणि मामी खडी फोडायला जायच्या, मामा नालाबांधाच्या कामावर. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती असं पुढे वाचलं, तेव्हा त्या आकड्यातली दोन माणसं, आई आणि मामी, मला ओळखता आली. शाळेत सुकडी मिळायची. रेशनवर लाल मिलो. दिसायला ज्वारीसारखा, पण पिठाला चिकटपणा नाही, भाकरी थापताना कडेनं तडकायची. मामी म्हणायची, "अमेरिकेत ह्ये जनावराला घालत्यात म्हनं." अमेरिका हा शब्द आमच्या घरात असा चुलीपाशी आला.

आमचं घर मांगवाड्यात. आजोबा हलगी वाजवायचे. देवीची पालखी निघाली, पोळा आला, मोठ्या घरचं लग्न निघालं, कुणाची मयत झाली, की सांगावा यायचा आणि आजोबा हलगी शेकायला घ्यायचे. पाचटाच्या जाळावर चामडं ताणलं की ती खणखणायची. मोबदला म्हणजे सुगीला खळ्यावर मिळणारं बलुतं आणि लग्नात उरलेलं अन्न. गावातल्या प्रत्येक वरातीच्या पुढे आमची हलगी असायची. आमच्या घरची वरात मात्र वेशीतून जायची नाही, वाड्याच्या मागच्या पांदीनं जायची. आजोबांच्या हाताला जो ठेका होता तसा मी पुढे आयुष्यात फार कमी ऐकला. पण तो ठेका त्यांच्या मालकीचा नव्हता.

1956 च्या धर्मांतरानंतर शेजारच्या बौद्धवाड्यानं गावकीची कामं टाकली. आमच्या वाड्यात मात्र तो वाद वर्षानुवर्षं चालला. काही म्हणायचे, हलगी फोडून टाका, तिच्यामुळंच आपण खाली राहिलो. मामांचं म्हणणं वेगळं होतं. ते म्हणायचे, "हलगी कामून फोडायची? ती ठिवायची. पर बोलवल्यावर जायचं न्हाई. आपुन ठरवू तवा वाजवायची." मामा तेव्हा, 1972 मध्ये, पंचविशीचे होते. वाद्य नको असं त्यांनी कधीच म्हटलं नाही, सांगावा नको एवढंच म्हटलं. या एका वाक्यावर मी पुढे खूप विचार केला आहे.

1973 च्या सुरुवातीला ते जालन्याहून छोट्या लाईनच्या गाडीत बसले, मनमाडला गाडी बदलली आणि मुंबईला गेले. दुष्काळानं हाकललेली आमच्याकडची कितीतरी माणसं त्याच वाटेनं गेली. मामांना गोदीत हमाली मिळाली आणि राहायला वडाळ्याच्या बाजूला एका झोपडीत जागा.

आता थोडं लांब जातो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को आहे आणि खाडीच्या पलीकडे, पुलाच्या दुसऱ्या टोकाला, ओकलंड. सॅन फ्रान्सिस्कोत 1966 मध्ये ग्रेटफुल डेड, जेफरसन एअरप्लेन अशा गटांचं संगीत जोरात होतं. ऐकणारी बहुतेक गोरी, खात्यापित्या घरांतली पोरं. पण त्यांच्या डोक्यावर व्हिएतनाम होतं. अठरा वर्षं पुरी झाली की सरकारच्या यादीत नाव, आणि बोलावणं आलं की जंगलात लढायला जायचं, ज्याच्याशी भांडण नाही अशा माणसाला मारायला. आईबापांनी सांगितलेलं, शाळेनं शिकवलेलं, सरकारनं छापलेलं जग जसंच्या तसं स्वीकारायचं का, हा प्रश्न त्या गाण्यांच्या तळाशी आहे. त्याच 1966 च्या ऑक्टोबरमध्ये पुलापलीकडच्या ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन काळ्या तरुणांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. तिथं प्रश्न आणखी जवळचा होता: रस्त्यात पोलीस आपल्याला मारतात त्याचं काय करायचं. एक खाडी, एक वर्ष, दोन किनारे. आणि त्या दोन्हींच्या मधोमध मला जिमी हेंड्रिक्स दिसतो. काळा माणूस, स्वतः हवाई छत्रीवाल्या पलटणीत राहून आलेला. ऑगस्ट 1969 मध्ये वुडस्टॉकला त्यानं आपल्या देशाचं राष्ट्रगीत गिटारवर वाजवलं आणि वाजवता वाजवता त्यातून बॉम्ब पडल्याचे, विमानं घुमल्याचे, माणसं किंचाळल्याचे आवाज काढले. शब्द एकही नाही. फाटलेला आवाज तिथं सजावट म्हणून आलेला नाही. युद्ध करणाऱ्या देशाचं गाणं सरळ सुरात वाजवणं खोटं झालं असतं, म्हणून तो फाटला.

या खाडीवरून दोन्ही गोष्टी मुंबईत आल्या. दोन वेगळ्या पत्त्यांवर उतरल्या.

गाणं उतरलं ते इंग्रजी शिकलेल्या, कॉलेजातल्या मुलांकडे. एका सिगारेट कंपनीच्या पैशावर सिमला बीट नावाची स्पर्धा व्हायची, तिच्यातल्या गटांच्या तबकड्या 1970 आणि 1971 मध्ये निघाल्या. लोणावळ्याजवळ मळवलीला 1971 मध्ये स्नेहयात्रा नावाचा उघड्या माळावरचा संगीत मेळा झाला. ॲटॉमिक फॉरेस्टसारखा गट मुंबईच्या हॉटेलांतून वाजवत होता. परदेशी गिटार मिळायची नाही, परकीय चलनाची टंचाई, तरी या पोरांनी जमेल त्या सामानावर जे केलं ते मी आदरानं ऐकतो. पण ते इंग्रजीत होतं, आणि शहराच्या एका टोकाला होतं.

पँथर उतरला तो वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाच्या आणि कामाठीपुऱ्याच्या बाजूला. 29 मे 1972 ला नामदेव ढसाळ आणि ज. वि. पवार यांनी दलित पँथरची घोषणा केली. नाव थेट ओकलंडवरून घेतलेलं. त्याच वर्षी ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला. पँथर उभा राहिला त्यामागं आमच्याच भागातली दुखणी होती. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित बायकांची विटंबना झाली, तिच्याबद्दलचा संताप राजा ढाले यांनी 15 ऑगस्ट 1972 च्या 'साधना' साप्ताहिकात मांडला आणि महाराष्ट्र हादरला. अमेरिकेत एकाच हवेत वाढलेल्या गोष्टी इथं एकमेकींना ओळखतही नव्हत्या. गिटारवाल्या पोरांना ब्राह्मणगाव माहीत नव्हतं आणि पँथरच्या पोरांना गिटार परवडत नव्हती.

तिसरा पत्ता सिनेमाचा. 1971 च्या 'हरे रामा हरे कृष्णा'तलं 'दम मारो दम' आमच्याकडे लग्नघरच्या भोंग्यावरून आलं. राहुलदेव बर्मन यांनी त्यात त्या नव्या संगीताचा सगळा साज उतरवला आहे: भूपिंदर सिंग यांची गिटार, तळाशी धरलेला सूर, आणि त्यावर सांगली जिल्ह्यात जन्मलेल्या आशाताई भोसल्यांचा आवाज. गाणं मोठंच आहे. पण त्या चित्रपटानं सगळा भर दिला तो मोडलेल्या घरावर आणि चिलमीवर. ही पोरं घर सोडून का निघाली यामागचं युद्ध, सक्तीची भरती, काळ्या माणसांचा लढा, यातलं काही आमच्या भोंग्यापर्यंत पोचलं नाही. आमच्याकडे हिप्पी म्हणजे वेरूळ-अजिंठ्याला जाताना औरंगाबाद स्टेशनावर दिसणारा केसाळ माणूस, आणि त्याचं गाणं म्हणजे दम. गांजेकसांची गाणी हा शेरा तिथून पक्का झाला असावा.

मामा 1977 मध्ये परत आले. वळकटीत बेंजो होता.

बेंजोचं कूळ जपानी आहे. 1912 मध्ये नागोयाच्या गोरो मोरितानं टाइपरायटरच्या कळा तारांच्या वाद्याला जोडून तैशोगोतो तयार केलं. ते बंदरं ओलांडत आपल्याकडे आलं, बुलबुलतरंग झालं आणि मुंबईच्या चाळींतून, कोळीवाड्यांतून बेंजो पार्टी उभी राहिली. हे वाद्य शिकायला गुरूच्या घरी पाणी भरावं लागत नाही. कुणाच्या जातीचं म्हणून ते ठरलेलं नाही. देवळात त्याला जागा नाही, बलुत्यात त्याचं नाव नाही. मामांनी ते हमालीच्या पैशातून विकत घेतलं होतं, आणि लॅमिंग्टन रोडवरून पिकअप. आमच्या घरात तीन पिढ्या वाद्य होतं, पण विकत आणलेलं हे पहिलं.

गावात वीज होती-नव्हती. ट्रॅक्टरची बॅटरी, जुना ॲम्प्लिफायर, दोन भोंगे. सोबत ढोल, ताशा, खुळखुळा आणि आजोबांची हलगी. मामांनी पहिल्यांदा वायर जोडली तेव्हा भोंग्यातून जो आवाज निघाला तो मी विसरणार नाही. मंडपातल्या भोंग्याला गाण्याचा आवाज पेलतो. बेंजोच्या तारांचा करकरीत आवाज त्याला पेलला नाही, तो फाटला. फाटून जाड झाला. चालीच्या तारा एकमेकींशी अगदी पुरत्या जुळत नसत, त्यामुळे सुराला थरथर यायची, आणि खालून बाकीच्या तारांची घुम अखंड चालू. मामांनी आवाज कमी करून पाहिला. मग परत वाढवला. म्हणाले, "असाच ऱ्हाऊ दे."

नागीणची चाल त्यांच्या हातातली खास. 1954 च्या 'नागिन'मधली ती पुंगी खरं तर पुंगी नव्हेच. कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या पेटीवर वाजवली, रवी यांच्या हार्मोनियमची तिला साथ. त्यानंतर तेरा वर्षांनी, 1967 मध्ये, बीटल्सनी त्याच जातीची पेटी सनईसारखी घुमवून आपल्या एका गाण्यात वापरली आणि लोक म्हणाले, काय अजब आवाज. आपल्या सिनेमात तो अजब आवाज आधीच नाचत होता. हे समजलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

1978 मध्ये मी औरंगाबादला नागसेनवनात शिकत होतो. 27 जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि पुढचे दिवस मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली. गावाकडून निरोप मिळायचा नाही. आम्ही मुलं एका खोलीत सात-आठ जण एकत्र झोपायचो. एकाचा भाऊ आखातात होता, त्यानं टेपरेकॉर्डर आणि थोड्या कॅसेटी पाठवल्या होत्या. त्यातली एक बीटल्सची 'रिव्हॉल्व्हर'. इंग्रजी आम्हाला जेमतेम कळायचं. पण शेवटचं गाणं लागलं आणि मी उठून बसलो. खाली तंबोरा. एकच सूर, तो हलतच नाही. वर ढोलासारखा न थांबणारा ठेका, उलट्या फिरवलेल्या टेपांचे पक्ष्यांसारखे आवाज, आणि कुठूनतरी लांबून, भोंग्यातून आल्यासारखा माणसाचा गळा. जॉन लेननला आपला आवाज डोंगरावरून मंत्र म्हणणाऱ्या लामासारखा हवा होता, म्हणून तो ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून काढला, हे मला फार पुढे कळलं. त्या रात्री मला एवढंच वाटलं की हा आमच्या मामांचा आवाज आहे. बाहेर काय चाललंय ते सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलत नव्हतं. ते गाणं आम्ही तीनदा ऐकलं. भीती गेली नाही, पण ती धरून बसायला एक जागा मिळाली. एका सुरात थांबून राहण्याचा तो उपयोग मी तिथं शिकलो. त्या खोलीत कुणी विडीही ओढत नव्हतं.

त्याच 'रिव्हॉल्व्हर'च्या वेष्टनावर एक नाव छापलेलं आहे: अनिल भागवत, तबला. 11 एप्रिल 1966 ला लंडनच्या स्टुडिओत जॉर्ज हॅरिसनच्या गाण्याला त्यांनी साथ केली. आयाना अंगडी यांच्या एशियन म्युझिक सर्कलकडून बोलावणं गेलं होतं. कुणासाठी वाजवायचंय हे माहीत नसताना भागवतांच्या दारात रोल्स-रॉईस उभी राहिली. पण नाव छापलं गेलं, हे महत्त्वाचं. पुढच्याच वर्षी बीटल्सची 'सार्जंट पेपर' ही तबकडी निघाली. तिच्यातल्या हॅरिसनच्या गाण्यात लंडनमधले चार भारतीय वादक आहेत: अण्णा जोशी आणि अमृत गज्जर दिलरुब्यावर, नटवर सोनी तबल्यावर, बुद्धदेव कन्सारा तंबोऱ्यावर. वेष्टनाच्या चित्रात योगानंदांसह चार भारतीय गुरूंचे चेहरे आहेत. गांधीजींचाही होता, तो हिंदुस्थानातल्या विक्रीला बाधा येईल या धास्तीनं कंपनीनं काढायला लावला. चार गुरूंना चित्रात जागा मिळाली, वाजवणाऱ्या चौघांची नावं छापली नाहीत. पन्नास वर्षांनी, 2017 मध्ये, ती शोधून काढावी लागली. पूर्वेकडचं अध्यात्म हवं आणि पूर्वेकडच्या वाजवणाऱ्याचं नाव नको, ही त्या सगळ्या चळवळीतली मोठी उणीव आहे, आणि तिच्यावर प्रेम असूनही मी ती सांगणार. माझे आजोबा आयुष्यभर पालखीच्या पुढे वाजवत चालले. त्यांचं नाव कुणी कुठे लिहिलं?

रविशंकरांना या सगळ्याबद्दल काय वाटत होतं हे त्यांनी उघड सांगितलं आहे. त्यांच्या सतारीसमोर लोक नशेत बसतात याचं त्यांना दुःख होतं, आणि माँटेरेला 1967 मध्ये हेंड्रिक्सनं गिटार पेटवली ते त्यांना असह्य झालं. रविशंकरांचं दुःख मला कळतं. वाद्य जाळणं आमच्या घरातही कुणाला सहन झालं नसतं. पण त्या संगीताचा हिशेब तिथं संपत नाही.

प्रागमध्ये 1968 मध्ये रशियाचे रणगाडे शिरले, त्याच वर्षी प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स हा गट निघाला. त्यांच्या गाण्यांत सरकारवर थेट टीका फारशी नव्हती. ते फक्त सरकारनं सांगितलेलं वाजवत नव्हते. 1976 मध्ये त्यांना पकडलं, खटला भरला, आणि त्या खटल्यातून व्हात्स्लाव हावेल आणि त्यांच्या सोबत्यांची चार्टर 77 ही चळवळ उभी राहिली. तुर्कस्तानात सेल्दा बाजान या बाईनं खेड्यातल्या शाहिरांची गाणी विजेच्या साथीवर म्हटली. 1980 च्या लष्करी उठावानंतर तिला तुरुंगात घातलं. कंबोडियात सिन सिसामूथ आणि रोस सेरेसोथिया यांनी ख्मेर भाषेत जे गिटारीचं संगीत केलं ते गाणाऱ्यांसकट ख्मेर रूजच्या राजवटीनं संपवलं. नुसत्या नशेच्या गाण्यांना सरकारं इतकी घाबरत नाहीत. सांगावा आल्यावर न जाणारा वाजवणारा, त्याला घाबरतात. मामांचं 1972 चं वाक्य मला इथं परत भेटतं.

सेल्दाची गाणी ऐकताना एक हळहळ मात्र वाटते. तिथं गावचा शाहीर आणि विजेची तार एकत्र आली आणि तिची तबकडी निघाली. आपल्याकडेही ती एकत्र आली होती. आमच्या गावात आली, अंबडच्या, परतूरच्या, मंठ्याच्या वरातींत आली. कुणी तबकडी काढली नाही. मराठीत सायकेडेलिक रॉक झालं का, असं विचारणाऱ्याला मी सांगतो, झालं. ते रस्त्यावर झालं, बेंजो पार्टीत झालं, आणि रेकॉर्ड करण्यासारखं काही आहे असं सुशिक्षित माणसांना वाटलं नाही.

14 एप्रिल 1979. नामांतराच्या दंगलीनंतरची पहिली भीमजयंती. आमच्या गावात घरं जळाली नव्हती, पण बोलणं बंद झालं होतं. मिरवणूक काढायची की नाही यावर बौद्धवाड्यात चार रात्री बैठका झाल्या. पाचव्या दिवशी मामा स्वतः तिथं गेले आणि म्हणाले, बेंजो मी वाजवतो. दोन्ही वाड्यांत तेव्हा फार सख्य नव्हतं. मांगवाड्याचा माणूस बौद्धांच्या मिरवणुकीत वाजवणार, तेही बोलावलेलं नसताना, यावर आमच्याकडेही कुरबूर झाली. आजोबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी हलगी शेकून तयार बसले.

ट्रॉलीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली बॅटरी, भोंगे पुढच्या बाजूला. पोलिसांची एक गाडी. मिरवणूक वेशीजवळ आली आणि थांबली. वेशीत पंचवीस-तीस माणसं उभी होती. हातात काही नव्हतं, नुसती उभी. घोषणा थांबल्या. ढोल थांबला. मामांनी चाल सोडली, पण हात काढला नाही. खालच्या तारांवर नखी फिरवत राहिले. भोंग्यातून नुसती घुम येत होती, फाटकी, जाड, एका सुरातली. किती वेळ, मला सांगता येणार नाही. पंधरा मिनिटं तरी असावी. कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड उचलला नाही. त्या आवाजात बोलायला जागाच नव्हती. मग आजोबांनी हलगीवर एक टिपरू टाकलं, बारीक, आणि मग दुसरं. ठेका धरला. ट्रॉली हलली. वेशीतली माणसं कडेला झाली. सगळी नाही, पण वाट होईल इतकी. मिरवणूक वेशीतून गेली. आमच्या हलगीनं त्या वेशीतून शेकडो वराती नेल्या होत्या. आमच्या मनानं निघालेली ही पहिली.

त्यानंतर गाव बदललं असं मी म्हणत नाही. विद्यापीठाच्या नामविस्ताराला 14 जानेवारी 1994 उजाडला, तोपर्यंत आणखी बरंच सोसावं लागलं. त्या संध्याकाळी काय झालं ते मी पाहिलं तसं सांगितलं.

मामांची पार्टी पंधरा-वीस वर्षं चालली. लग्न, गणपती, जयंती, उरूस, सगळीकडे जायची. जाताना मामा पैसे ठरवून जायचे आणि जेवायला पंगतीत बसायचे, हे त्यांनी कधी सोडलं नाही. मग कॅसिओ आला, मग डीजे. डीजेचा आवाज मोठा आहे, पण त्यात वाजवणारं कुणी नाही. मामा 2009 मध्ये गेले. मामीनं बेंजो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तू शिकलास, तुज्याकडं ऱ्हाईल नीट."

बेंजोसोबत एक फोटो मिळाला. त्याच जयंतीचा, ट्रॉलीसमोर काढलेला. पाच वाजवणारे उभे आहेत. मागची बाजू कोरी होती. मी पेन्सिलनं तारीख लिहिली, गाव लिहिलं, मामांचं नाव आणि पुढे बेंजो, आजोबांचं नाव आणि पुढे हलगी. ढोलवाल्याचं नाव त्याच्या नातवानं सांगितलं. तुमच्या घरी कुणाच्या लग्नाचा जुना फोटो असेल तर तो काढा. वधूवरांच्या मागे, मंडपाच्या कडेला, कापलेल्या कोपऱ्यात वाजवणारे दिसतील. ज्यांना ती माणसं आठवतात ती अजून घरात असतील तर आजच विचारा, आणि नावापुढे वाद्यही लिहा.

माझ्या फोटोतला ताशेवाला आणि खुळखुळेवाला राहिलाय. येत्या रविवारी परतूरला एका म्हाताऱ्या माणसाला भेटायला जातोय. तो दोघांनाही ओळखायचा.